पिंडाला शिवली ती खार

कावळा समोरच बसला होता, पण खाली उतरत नव्हता.

नदीकाठच्या करंजाच्या फांदीवर बसून तो मान तिरकी करायचा, एकदा पिंडाकडे बघायचा, एकदा आम्हा माणसांकडे, आणि मग चोच फांदीला घासून पुसायचा. जसा काही आत्ताच कुणाच्या पंगतीतून उठून आलाय.

"भरल्या पोटाचं दिसतंय," तुळसाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाली. "पल्याड पवारांच्यात बारसं हाय. तिकडंच हाणून आलं असंल."

तुळसाबाई माझी शेजारीण. घाटाच्या वरच्या पायरीवर ती मला टेकू देऊन बसली होती. खाली दगडावर दर्भ अंथरून पिंड मांडला होता, आणि शेजारी द्रोणांत नानांच्या आवडीचं एकेक ठेवलं होतं. भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा, कपभर चहा, आणि तुळसाबाईनेच पहाटे उठून थापलेलं थालीपीठ. नाना म्हणजे माझे यजमान. आम्ही शिंपी. अख्ख्या गावाच्या बंड्या आणि परकर नानांच्या मशीनखालून गेलेले. त्या दिवशी त्यांचा दहावा होता.

आम्हाला मूलबाळ नाही. पुतण्या सुहास चिंचवडहून आला होता, त्यानेच डोकं भादरून सगळं केलं. ओल्या धोतरात तो बिचारा कुडकुडत उभा. फाल्गुनातलं ऊन चढलं तरी कुडकुडतच होता.

आमच्याकडे समज असा, की कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशाततरी अडकलाय. मग जवळची माणसं एकेक करून पुढे होतात, हात जोडतात, आणि तुमचं राहिलेलं आम्ही करू म्हणून शब्द देतात. नेमका शब्द सापडला की कावळा उतरतो.

"हं, बोला कुणीतरी," दिगंबर गुरुजी म्हणाले. त्यांना दुपारी आणखी एका ठिकाणी जायचं होतं.

सुहास पुढे झाला. "नाना, घराची काळजी करू नका. पावसाच्या आत कौलं चाळून घेतो."

कावळ्याने पंखाखाली खाजवलं.

मग तात्या गुरव. राममंदिराची पूजा त्याच्याकडे. "नाना, रामाचा पडदा तुम्ही निम्मा शिवून ठेवलाय. तेवढ्यात जीव घोटाळत असंल तर सोडा. मी वाईच्या शिंप्याकडनं पुरा करून घेतो."

कावळ्याने आमच्याकडे पाठ केली.

"दुसऱ्या शिंप्याचं नाव काढल्यावर येईल होय तो?" गुरुजी म्हणाले. "तुला काही पोच?"

तुळसाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. खाली जाऊन तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "नाना, बांधावरल्या फणसापायी मी तुमच्याशी लई भांडले. औंदापास्नं फणस तुमचा." आणि परत माझ्यापाशी येऊन बसली. "निम्मा," ती हळूच म्हणाली. "सगळा म्हणाले ते त्याला खाली उतरवायला."

मला हसू आलं. दहा दिवसांत पहिल्यांदा. ते मी पदरात दाबलं.

सुहास पुन्हा पुढे गेला. या वेळी त्याचा आवाज भरून आला होता. "नाना, तुमचा जीव कशात आहे ते मला ठाऊक आहे. काकीला मी एकटी टाकणार नाही. आजच तिला चिंचवडला घेऊन जातो. वैशालीने खोलीसुद्धा रिकामी केलीय. शब्द देतो."

कावळा उडाला. नदीवरून सरळ पलीकडे, पवारांच्या वाडीकडे निघून गेला.

कुणीतरी खाकरलं. सुहास तसाच हात जोडून रिकाम्या फांदीकडे बघत राहिला. पोर मनाचं सोनं हो, खोटं एक अक्षर नव्हतं त्याच्यात. माझं गाठोडं सकाळीच त्याच्या गाडीत चढलं होतं. दोन लुगडी, जपाची माळ, नानांचा चष्मा. मी हो म्हटलं होतं. म्हणजे खरं तर काहीच म्हटलं नव्हतं, आणि त्याचंच हो झालं होतं. ज्या घरात मशीनचा आवाज नाही त्या घरात मी राहून तरी काय करणार होते?

गुरुजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या आणि बोटांनी पीळ द्यायला लागले. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करतात, तो पिंडाला लावतात, आणि मोकळे होतात.

"थांबा गुरुजी," पाठीमागून आवाज आला. "एक माणूस राहिलंय."

ते केशवबुवा. आमच्या रामनवमीला आणि दासनवमीला कीर्तनाला यायचे ते हेच. दर साली उतरायचे आमच्याच घरी. नाना गेल्याचं कळल्यावर एसटीने दोन गाड्या बदलून दहाव्याला आले होते, आणि सकाळपासून एका पायरीवर गप्प बसून होते. कीर्तनात दोन घटका न थांबणारा माणूस त्या दिवशी पाण्याशिवाय काही मागायलाही तोंड उघडत नव्हता.

"कोण राहिलं?" गुरुजी म्हणाले.

"द्वारकाबाईंना विचारलंय कुणी?"

"अहो बुवा, बायकांनी..."

"शब्द द्यायला मुंज लागत नाही, गुरुजी."

गुरुजींनी दर्भ मांडीवर ठेवला. तुळसाबाईने मला काखेत हात घालून उठवलं.

मी खाली गेले. पाणी दगडांतून खळखळत होतं. सगळे बघताहेत हे पाठीला कळत होतं. मी हात जोडले, डोळे मिटले, पण तोंडातून काही निघेना. मग मनातच बोलले. एवढंसं बोलणं, पण मला फार वेळ लागला. ते बोलायचं तर त्याआधी मीच दिलेला दुसरा एक शब्द मोडावा लागत होता, आणि तो शब्द म्हणजे माझ्याजवळ उरलेली नानांची शेवटची गोष्ट होती. दोनदा ओठांपर्यंत आलं आणि मी परत गिळलं. तिसऱ्या वेळी बोलून टाकलं.

डोळे उघडले तेव्हा करंजाच्या खोडावरून एक खार उलटी उतरत होती. खाली डोकं, वर शेपूट. अर्ध्यावर थांबली, शेपटीला दोन हिसके दिले, आणि मग सरळ दगडावर आली. माझ्यापासून चार हातांवर. शेंगदाण्याचा द्रोण वाटेतच होता. त्याला वळसा घालून गेली. पिंडाच्या कडेला पुढचे दोन पाय टेकले, भाताचं शीत काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि बसून खाल्लं. मग आणखी एक. खाताना तिच्या पाठीवरचे पट्टे हलत होते. मग जशी आली तशी खोड चढून गेली.

सगळ्यांच्या माना तिच्यामागे वर गेल्या.

"शिवलं का हो?" सुहासने विचारलं.

"खार आहे ती," गुरुजी म्हणाले.

"ते दिसलं. पण शिवलं का?"

"शास्त्रात काक आहे. खार नाही."

तात्या गुरव म्हणाला, "वानर असतं तर वेगळं होतं. मागं पाटलांच्या अप्पांच्या वक्ताला वानर शिवलं, ते चाललं. वानर म्हंजे मारुतीराय. खार म्हंजे काय? हुंदराची जात."

"मंग उंदरावर कोण बसतंय?" तुळसाबाई वरून ओरडली. "तुझा आजा?"

"तसं न्हाई गं, तुळसे..."

"तसंच. आन् त्या वानराचं मला नको सांगू. मी होते तितं. एक न्हाई, आख्खा कळप आलता. पिंड खाल्ला, पिशवीतली केळी खाल्ली, आन् अप्पांच्या धाकट्या जावयाची टोपी घेऊन वडावर गेला तुझा मारुतीराय. ती टोपी पावसाळ्यात खाली आली."

मंडळींत हसू फुटलं. गुरुजींनाही आवरेना, पण त्यांनी ते उपरण्यात पुसलं. "लीला असते ती," ते म्हणाले. "शिवाय वानर माणसाच्या जवळचं. हात आहेत त्याला, पाच बोटं आहेत. हाताने उचलून खातं."

"खारीनं काय पायानं खाल्लं?"

"तुळसाबाई, मी शास्त्र सांगतोय."

"मग मलाही शास्त्रातलंच विचारायचंय," बुवा म्हणाले. ते पायरीवरून उठले होते. "अप्पांच्या वेळी वानर कुठल्या पोथीत सापडलं, गुरुजी?"

गुरुजी नदीकडे बघायला लागले. "तेव्हा कोण विचारणार होतं, बुवा? मी संकल्प सोडायच्या आत पाटलांची माणसं पेढे आणायला गेली होती."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की कुणाला रागही आला नाही. गुरुजी तसे प्रामाणिक. आता तेही नाहीत.

बुवा खाली पाण्यापाशी आले. कीर्तनातला आवाज त्यांनी लावला नाही, घरात बोलतात तसं बोलले. "मी गावोगाव सेतुबंधाचं आख्यान लावतो. वानर डोंगर उचलून आणतात, तिथे तुम्ही टाळ्या देता. खार पाण्यात भिजते, वाळूत लोळते आणि अंगाला चिकटलेले चार कण सेतूवर झटकते, तिथे तुम्ही डोळे पुसता. तुम्हीसुद्धा, तात्या. मी बघितलंय. मला इतकी वर्षं वाटत होतं, डोळे खरेच पुसता म्हणून."

तात्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"ते आख्यान झालं, बुवा," गुरुजी म्हणाले, पण नरमून. "असं करू. खार शिवली ती शिवली. वर मी दर्भाचाही लावतो. म्हणजे कुणाच्याच मनात किंतू नको."

सगळ्यांना ते पटलं. सुहासला तर फारच. उन्हं वर आली होती, त्याला घाटातून अंधाराच्या आत उतरायचं होतं. गुरुजी दर्भ घेऊन वाकले.

"नको," मी म्हणाले.

"काय नको, काकी?"

"दर्भ नको. शिवली ती."

"काकी, दोन्ही झालं तर बिघडलं काय?"

बिघडत होतं. दर्भ लागला असता तर नानांना दर्भानेच मोकळं केलं असं झालं असतं, आणि मी जे बोलले होते ते कुणाला बांधील राहिलं नसतं. मलाही नाही. पण हे मला तेव्हा इतकं नीट सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "सुहास, गाडीतलं माझं गाठोडं काढून ठेव बाबा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे?"

"मी इथंच राहते."

"एकटी?"

"हो."

"काकी, ऐका माझं." तो माझ्यापुढे उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा. "एकटं राहणं हे माणसाचं काम नाही. ती वानरंसुद्धा बघा, कळप सोडून राहत नाहीत."

"आन् खार?" तुळसाबाई म्हणाली.

सुहासने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओल्या धोतराने तोंड पुसलं. त्याला रडू येत होतं. त्याच्या डोक्यावर, त्या ताज्या भादरलेल्या डोक्यावर मी हात ठेवला. खूप गार लागलं.

गुरुजींनी हातातला दर्भ पाण्यात सोडला. "मोकळे झाले," ते म्हणाले. "चला, अंघोळी उरका."

संध्याकाळच्या आत सगळे गेले. बुवांना शेवटची एसटी गाठायची होती. सुहास गाडीत बसला, उतरला, परत आत येऊन गॅसचं बटण बघून गेला, आणि तेराव्याला येतो म्हणून मग खरंच गेला. तुळसाबाई म्हणाली, झोपायला येते. मी म्हटलं, आज नको. आज सवय लागू दे.

दिवे लागायच्या आधी वानरं फणसावर आली. रोजचाच कळप. मोठा हुप्प्या कौलांवर धप्पकन बसला, माद्या फांद्यांवर, पोरं त्यांच्या पोटांना लटकलेली. कुणी कुणाच्या उवा बघतंय, कुणी कुणाला चापट मारतंय, नुसता गलका. जसं काही मोठं खटल्याचं घर जेवायला बसलंय. मी ओट्यावर बसून ऐकत राहिले. मग हुप्प्याने एक हाक दिली आणि सगळी एकदम निघून गेली. फांद्या थोडा वेळ हलल्या. त्यानंतर घरात जी शांतता झाली, तशी मी जन्मात ऐकली नव्हती. मशीनवर कापड झाकलेलं होतं. मी उगीच त्याचं चाक एकदा फिरवून बघितलं आणि लगेच हाताने धरून थांबवलं.

खार कुठे दिसली नाही. मी काही तिची वाट बघत नव्हते. आता खोटं कशाला बोलू, बघत होते.

त्या दिवशी घाटावर मी मनात काय बोलले, ते मी कुणाला सांगितलं नाही. बुवांनी विचारलं नाही, आणि सुहासला वाटत राहिलं की घराच्या ओढीने राहिले. आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही.

नाना अंथरुणाला खिळले ते माघात. दासनवमीचं कीर्तन होतं. देवळाच्या भोंग्यातून बुवांचा आवाज आमच्या माजघरात येत होता, पण वाऱ्याने अर्धाच. नाना म्हणाले, "तू जा. नीट ऐकून ये आणि मला सांग." मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. मी म्हटलं, "तुमच्याशिवाय मी देवळाची पायरी चढायची नाही. आत्ताही नाही आणि पुढंही नाही." मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. बाईमाणसाने याहून मोठं काय द्यायचं असतं? नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "असं नको गं," एवढंच म्हणाले. पुढे दुखणं वाढलं, आणि तो विषय तसाच राहून गेला.

घाटावर मी तो शब्द परत घेतला. रामनवमीला जाईन, म्हणाले. एकटी जाईन.

रामनवमी पंधरवड्यावर होती. घरात माणूस गेलं की वर्षभर उत्सवात जात नाहीत, त्यातून मी अशी पांढऱ्या कपाळाची. देवळाच्या दारात तात्या गुरव हार बांधत होता. मला बघून त्याचा हात थांबला. "वहिनी, वरीस व्हायचंय अजून," तो म्हणाला.

"माहीत आहे, भावजी."

तो जरा घुटमळला, मग दारातून बाजूला झाला. बायकांच्यात कुजबुज झाली. तुळसाबाईने कोपराने दोघींना सरकवून माझ्यासाठी जागा केली. पाळणा फुलांनी सजला होता. रामाचा पडदा अर्धा एका टिपेचा, अर्धा दुसऱ्या टिपेचा होता. कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही, माझ्या आलं.

बुवा उभे राहिले. नमन झालं, निरूपण सुरू झालं. मला पहिल्यांदा काही ऐकू येईना, नुसते शब्द. मग हळूहळू ते आत यायला लागले. बुवांनी एका चिक्कू माणसाचा दृष्टांत घेतला, देवाला नवस बोलून मग घासाघीस करणाऱ्याचा. सभेत हशा उसळला. मीही हसले. आणि हसता हसता माझी मान आपोआप पुरुषांच्या बाजूला वळली.

नाना बुवांच्या मागे झांजेवर असायचे. हशाची जागा आली की ते झांज न थांबवता बायकांत मला शोधायचे. मी हसले का, बरोबर जागी हसले का. नसेन हसले, तर घरी जाताना वाटेत मला तो दृष्टांत पुन्हा समजावून सांगायचे, आणि मी मुद्दाम कधीकधी हसायची नाही.

तिथे आता कुणी दुसराच उभा होता. तात्याचा भाचा, सातारला नोकरीला असतो तो. मी अशी रोखून बघितल्यावर त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्याची झांज गडबडली, ताल सुटला. बुवांनी गाता गाता मागे वळून पाहिलं, मग तो बघत होता तिकडे, माझ्याकडे पाहिलं. क्षणभर तेही थांबले. मग त्यांनी हाताने मांडीवर ठेका धरून त्या पोराला पुन्हा तालावर घेतलं आणि पुढे गेले.

मी मान खाली घातली. तुळसाबाईने न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला. मी दोन घोट घेतले आणि पदर नीट करून पुन्हा वर बघितलं. पूर्वरंग संपत आला होता. राम अजून जन्मायचा होता.